सिल्हूट आधी पालथं करून बघावं

आमच्या हिस्टॉरिकल सोसायटीत एक शिरस्ता आहे. भिंतीवरून उतरवलेली कुठलीही वस्तू टेबलावर आली की आधी तिची पाठ बघायची. समोरची बाजू काय, सगळेच बघतात. मॅसॅच्युसेट्समधल्या या लहानशा गावात मी सुट्टीच्या दिवशी तिथे स्वयंसेवक म्हणून बसते. जुन्या पत्रांना पाकिटं कर, वस्तूंना क्रमांक दे, असली बिनपगारी पण निवांत कामं. सिल्हूटांशी, म्हणजे एका बाजूने दिसणाऱ्या चेहऱ्यांच्या सावलीसारख्या काळ्या चित्रांशी, माझी खरी ओळख झाली ती शेजारच्या बाईंमुळे.

बाई ऐंशी कधीच ओलांडलेल्या. घर विकून मुलीच्या गावी एका ज्येष्ठांच्या वसाहतीत जायचं त्यांचं ठरलं होतं, आणि घर रिकामं करताना जे होतं तेच चाललं होतं: हे कुणाला, ते कुणाला. जिन्यालगतच्या भिंतीवर पाच छोट्या चौकटी होत्या. प्रत्येकीत एकेक मूल, काळंभोर, एका बाजूने दिसणारं. त्या म्हणाल्या, "ही सगळी माझ्या आईच्या माहेरची पोरं. तुमच्या सोसायटीला देऊन टाकते. आणि त्यातलं एक एदुआरचं आहे बरं का." एदुआर म्हणजे सिल्हूटं कापणारे एक फ्रेंच गृहस्थ, म्हणून शेवटचं वाक्य त्यांनी जरा मान वर करूनच म्हटलं.

सोसायटी येईल ते घेत नाही. आधी प्रत्येक वस्तूचा पाहणी अहवाल, मग समितीपुढे चर्चा, मग दानपत्र. अहवाल लिहायचं काम माझ्याकडे आलं. आमच्या प्रमुख बाईंनी एक भिंग, एक टॉर्च आणि एक सूचना दिली: "घरच्यांनी सांगितलेलं लिहून घे, पण वेगळ्या रकान्यात."

अमेरिकेत 1800 ते 1840च्या दरम्यान ही चित्रं ढिगांनी झाली. फोटो यायचा होता आणि तैलचित्र बहुतेकांच्या खिशाला परवडणारं नव्हतं. फ्रान्सचे अर्थमंत्री एत्येन द सिल्हुएत यांचं नाव या प्रकाराला चिकटलं ते त्यांच्या काटकसरीवरून, असं सांगतात. पण अमेरिकेत त्या काळी लोक त्याला साधं 'प्रोफाइल' म्हणत. सेलममधल्या विल्यम किंग या माणसाने जाहिरातीत दर छापला होता: एकाच माणसाची दोन प्रोफाइलं, पंचवीस सेंट. म्हणजे शेतकऱ्याने, चांभाराने, जहाजावरच्या खलाशानेही पोरांना घेऊन यावं असा भाव.

बहुतेकांची समजूत असते की काळा कागद कापून पांढऱ्यावर चिकटवला की झालं सिल्हूट. तसंही करत. पण अमेरिकेतली सुरुवातीची बरीचशी सिल्हूटं नेमकी उलटी असतात. पांढऱ्या कागदातून चेहरा कापून काढायचा, तो कापलेला तुकडा बाजूला टाकायचा, आणि उरलेल्या भोकामागे काळा कागद किंवा काळं कापड लावायचं. याला हॉलो-कट म्हणतात. आपण बघतो ती काळी आकृती म्हणजे नुसतं मागचं कापड. कारागिराचा हात लागलेला असतो तो पांढऱ्याला. हे एकदा ध्यानात आलं की बघायची जागाच बदलते. नाक-हनुवटी सोडून नजर कापाच्या काठावर जाते.

या कामाचा सगळ्यात गाजलेला कारखाना फिलाडेल्फियात होता. चार्ल्स विल्सन पील यांच्या म्युझियममध्ये 1802च्या अखेरीस जॉन आयझॅक हॉकिन्स यांनी बनवलेलं फिजिओनोट्रेस नावाचं यंत्र बसवलं गेलं. गिऱ्हाईक बाजूने बसायचं, एक पट्टी त्याच्या कपाळावरून, नाकावरून, हनुवटीवरून फिरवायची, आणि दांड्यांच्या जोडणीमुळे तीच रेघ वर एका कागदावर लहान होऊन उमटायची. कागद आधीच घडी घातलेला, त्यामुळे एका बैठकीत चार प्रती. पण यंत्र फक्त रेघ देतं. कापायचं काम मोझेस विल्यम्स करत. ते जन्मापासून पील कुटुंबाचे गुलाम होते, 1802मध्ये मुक्त झाले, आणि पुढच्या एका वर्षात त्यांनी आठ हजारांहून जास्त प्रोफाइलं कापली. दर आठ सेंट. त्या कमाईतून त्यांनी स्वतःचं घर घेतलं. पापणी, कपाळावरची बट, कानामागून सुटलेले केस हे यंत्राच्या पट्टीला पकडता येत नाही; ते कात्रीवाल्याच्या नजरेतून येतं. तरी शिक्का म्युझियमचा. त्या शिक्क्यामुळे पुढे एक शतकभर त्या सिल्हूटांचं श्रेय पील घराण्याला जात राहिलं, आणि मोझेस विल्यम्स यांचं नाव अगदी अलीकडे अभ्यासकांनी पुढे आणलं. आतून निघालेल्या तुकड्यांना पील 'ब्लॉकहेड' म्हणत, म्हणजे ठोंबे. पिंपं भरून असे ठोंबे तिथे साठले होते.

असो. आमची पाच पोरं टेबलावर आली.

चौकट उघडणं हा दिसायला क्षुल्लक, करायला जिवावरचा प्रकार. खाली स्वच्छ पांढरा कागद अंथरायचा, आसपास पेन नाही, चहा नाही, फक्त शिसपेन्सिल. चौकट पालथी घालून मागच्या फळीच्या चुका (बारीक खिळे) एकेक करून सैल करायच्या, त्याही काढून फेकायच्या नाहीत, छोट्या पाकिटात ठेवायच्या. फळी पातळ पाइनची, हाताने रंधलेली, वर्षानुवर्षं हवा लागून तपकिरी झालेली. फळीतलं आम्ल कागदात उतरतं, त्यामुळे पहिल्या चौकटीतल्या कागदाच्या पाठीवर फळीच्या शिरा जशाच्या तशा भाजल्यासारख्या उमटल्या होत्या. दुसरीत फळी आणि कागद यांच्यामध्ये वर्तमानपत्राचा तुकडा होता. त्याला तारखेचा भाग नव्हता, अर्थातच. असले तुकडे नेमके तारीख सोडून फाटलेले असतात.

हातमोजे नायट्रिलचे घालायचे. एरवी मी नुसते हात धुऊन कागद हाताळते, पण इथे कारण होतं. विल्यम बाश नावाच्या फिरत्या कारागिराने स्वतःच्या कामाच्या नमुन्यांची एक वही ठेवली होती, सुमारे 1,800 चेहरे असलेली. ती आता वॉशिंग्टनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत आहे. तपासणीत तिच्या कागदात चक्क आर्सेनिक सापडलं, म्हणून ती डिजिटल करून लोकांसाठी खुली केली गेली. आमच्या चौकटींत तसलं काही असण्याची शक्यता कमी, पण जुन्या रंगांचा भरवसा कुणी द्यावा?

पहिल्या दोन चौकटी जोडीच्या निघाल्या. एक मुलगा, एक मुलगी, दोघंही फक्त छातीपर्यंत, दोघंही हॉलो-कट. कागद उजेडासमोर धरला तर बारीक समांतर रेघा दिसल्या. जाळीच्या साच्यावर हाताने उचललेल्या, चिंध्यांच्या लगद्यापासून केलेल्या कागदाची ती खूण. मागे काळं रेशीम, मुलीच्या चौकटीत ते उसवून भुरकट तपकिरी झालेलं, त्यामुळे तिची सावली मधूनच विरल्यासारखी. भिंगाखाली मुलाच्या कपाळाशी गेले आणि तिथेच थांबले. कापाच्या काठावर, पांढऱ्या कागदावर, शाईच्या चार-पाच केसासारख्या रेघा होत्या. कात्रीने कापलेल्या कपाळाच्या पुढे, कागदावर ओढलेली पोराची झुलपं. आणि पापणीसाठी कात्रीच्या टोकाने काठाला दिलेला एक चिरा, नखाच्या टोकाएवढासुद्धा नाही. तो चिरा मुलीच्या चेहऱ्यालाही होता, त्याच तिरकेपणाने.

शिक्का नव्हता, सही नव्हती. अशा वेळी जाणकार छातीच्या खालची रेघ बघतात. चेहरा समोरच्या पोराचा असतो, पण धड कुठे आणि कसं संपवायचं हे कारागिराच्या सवयीवर असतं. कुणी सरळ गोलाई देतो, कुणी लाटेसारखं वळण, कुणी पुढे एक आकडी सोडतो. आमच्या जोडीत रेघ आत वळून दोन्ही टोकांना बारीक चोचीसारखी संपत होती. दोन्हीत तंतोतंत एकसारखी. एकाच हाताचं काम, बहुधा एकाच दिवशीचं.

एरवी शिक्का असला तरी हुरळून जायचं नसतं. पीलच्या म्युझियमचा उठावाचा शिक्का मागाहून मारलेली सिल्हूटं बाजारात पुष्कळ आहेत. जुन्या पुस्तकांची कोरी पानं घेऊन त्यातून नवे चेहरे कापायचे, शिक्का मारायचा आणि जुनी चौकट जोडायची, हा धंदा फार जुना. कागद खराच जुना असल्यामुळे तो परीक्षेत पास होतो. कात्री कालची असते. म्हणून कापाचा काठ महत्त्वाचा. जुन्या कापाचा काठ बाकीच्या कागदाइतकाच मळलेला आणि मऊ झालेला असतो. कागद पिवळट आणि काठ लख्ख पांढरा दिसला की समजावं.

पाचवी चौकट सगळ्यात गोंडस होती. हातात रिंग घेऊन पळणारा मुलगा, मागे कुत्रं, खाली गवत. पाहुण्यांचं लक्ष कायम तिच्याकडे जायचं. दिवे मालवून तिच्यावर अतिनील टॉर्च धरला आणि कागद निळसर पांढरा झळाळून उठला. कागद शुभ्र दिसावा म्हणून घालायची ती रसायनं 1950च्या सुमाराला कागदगिरण्यांत आली. त्याआधीचा कागद असा पेटत नाही. भिंगाखाली काळ्या रंगात छपाईचे ठिपकेही दिसले. मी जरा चाचरतच बाईंना सांगितलं, तर त्या खळखळून हसल्या. "ती होय? ती आईने समुद्रावरच्या गिफ्ट शॉपमधून आणली होती. बाकीच्या चौघांना सोबत म्हणून." त्यात नवल नाही. विसाव्या शतकात घरं 'कलोनियल', म्हणजे वसाहतकाळच्या थाटात सजवायची हौस आली, तेव्हा दिव्यांच्या शेडपासून नॅपकिनपर्यंत सगळीकडे सिल्हूटं चढली. उलट माझं मत असं बनलं की जुन्या खऱ्या सिल्हूटातली पोरं फारशी गोंडस नसतातच. ती ताटकळून बसलेली, ओठ घट्ट मिटलेली, कधी एकदा सुटतो अशी दिसतात.

आता एदुआर. ऑगस्त एदुआर हे फ्रेंच गृहस्थ 1839 ते 1849 अमेरिकेत होते. न्यूयॉर्क, बॉस्टन, वॉशिंग्टन, उन्हाळ्यात साराटोगा, जिथे पैसेवाले तिथे ते. यंत्र नाही, फक्त कात्री. समोरच्याला उभ्याने न्याहाळायचं आणि आख्खी आकृती काळ्या कागदातून कापून पांढऱ्यावर चिकटवायची. कागद दुहेरी घडीचा, म्हणजे एक प्रत गिऱ्हाइकाची, एक त्यांच्या स्वतःच्या संग्रहाची, आणि त्या प्रतीमागे नाव, गाव, तारीख. या शिस्तीमुळे पुढच्यांचं केवढं भलं झालं असतं! पण 1849च्या डिसेंबरात परतीच्या वाटेवर त्यांचं 'ओनायडा' हे जहाज गर्न्सी बेटापाशी फुटलं आणि संग्रहातला मोठा भाग बुडाला. वाचलेल्या वह्या त्यांनी आसरा देणाऱ्या गर्न्सीतल्या एका कुटुंबाला देऊन टाकल्या. त्या विसाव्या शतकाच्या सुरुवातीला उजेडात आल्या, म्हणून आज त्यांच्या कितीतरी चेहऱ्यांना नावं आहेत.

बाईंकडची चौथी चौकट या धाटणीची दिसत होती खरी. आख्खा उभा मुलगा, आखूड कोट, हातात दोरी आणि दोरीला लाकडी गाडा. कापलेला काळा कागद, चिकटवलेला. काळही जुळत होता: एदुआर 1841-42मध्ये बॉस्टनला होते आणि कुटुंबाच्या बायबलच्या पानावर तेवढ्या वयाचा मुलगा होता. पण सही नाही. आणि भिंगाखाली केसांवर, कोटाच्या घड्यांवर सोनेरी रेघा. सिल्हूट काळंच असावं, त्यावर रंगसफेदी म्हणजे वाह्यातपणा, असं एदुआर यांचं ठाम मत होतं आणि ते त्यांनी 1835च्या आपल्या पुस्तकात तावातावाने मांडलंही आहे. तो माणूस पोराच्या केसांना सोनेरी रंग फासेल हे मला पटेना. सोसायटीने ज्या तज्ज्ञ बाईंचा सल्ला घेतला त्यांनाही नाही पटलं. वाचलेल्या वह्यांच्या यादीतही ते आडनाव नव्हतं. अहवालात मी लिहिलं: 'अज्ञात कारागीर, सुमारे 1840'. आणि वेगळ्या रकान्यात: 'कुटुंबाच्या मते एदुआर'.

शेजारच्या बाई हिरमुसल्या. दोन दिवस माझ्याशी जरा तुटक बोलल्या. मग म्हणाल्या, "आईला कुणी सांगितलं असेल गं, तिने मला सांगितलं." यावर काय बोलणार?

माझा सगळ्यात जास्त वेळ घेतला तो तिसऱ्या चौकटीने, आणि मजाही तिच्यातच आली. डोकं हॉलो-कट, पण खालचं शरीर जलरंगात रंगवलेलं: निळा झगा, फुगीर बाह्या, झग्याखाली पांढरी लांब विजार, हातात पातळसा चाबूक. न्यू इंग्लंडमध्ये 1830च्या आसपास ही पद्धत चांगली चालायची. या कारागिरांपैकी पुष्कळांची नावं हरवली आहेत, म्हणून संग्राहकांनी खुणांवरून टोपणनावं दिली: एक 'पफी स्लीव्ह आर्टिस्ट', ज्याच्या बायकांच्या बाह्या फुग्यासारख्या, एक 'रेड बुक आर्टिस्ट', जो हातात लाल पुस्तक देतो. आमचं काम या दोघांचंही नव्हतं. पण कपडे बोलत होते.

फळीमागे पेन्सिलीत, विसाव्या शतकातल्या वळणाचं अक्षर: अमुक आत्या. घरात हे सिल्हूट कायम त्या आत्याचंच. मला खटकला तो चाबूक. त्या काळच्या चित्रांत चाबूक, रिंग, लाकडी घोडा ही बहुतेक वेळा मुलग्यांची खेळणी. मुलींच्या हाती बाहुली, फूल, पुस्तक. झगा आहे म्हणून मुलगी असं मात्र म्हणता येत नाही. चार-पाच वर्षांचे होईपर्यंत मुलगेही झग्यातच असत, आणि पहिली विजार चढवणं हा घरातला मोठा प्रसंग असे. आपल्याकडच्या जुन्या अल्बमांतही परकर-पोलक्यात, वेणी घालून बसवलेला एखादा आजोबा सापडतोच की.

चाबकावरून निकाल देणं धाडसाचं होतं. म्हणून बाह्यांकडे वळले. बाह्यांचा तो प्रचंड फुगा 1830नंतर शिगेला पोचला आणि 1836च्या सुमाराला फॅशनने तो एकदम फुस्स केला. म्हणजे चित्र त्याआधीचं असणार. आता आत्याचा जन्म कधीचा? मॅसॅच्युसेट्समध्ये या बाबतीत चैन आहे. इथल्या बहुतेक जुन्या गावांच्या 1850पर्यंतच्या जन्म, लग्न, मृत्यूच्या नोंदी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला छापून काढल्या आहेत, आणि आता त्या घरबसल्या वाचता येतात. जनगणनेचा इथे उपयोग नसतो, कारण 1850च्या आधी तिच्यात फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव आणि बाकीच्यांचे नुसते आकडे. गावाच्या छापील नोंदी काढल्या. आत्या जन्मली 1838मध्ये. तिच्या आधी 1829ला एक मुलगा, मध्ये एक तान्हेपणीच गेलेलं मूल. बायबलचं पानही तेच सांगत होतं. बाह्या ओसरल्यावर जन्मलेली मुलगी त्या बाह्या घालून बसणार कशी? निळ्या झग्यातलं मूल म्हणजे तिचा थोरला भाऊ.

हे मी बाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा लावून ते चित्र पुन्हा नीट बघितलं. "साठ वर्षं मी या पोराला आत्या म्हणतेय," त्या म्हणाल्या, आणि या खेपेला रुसल्या नाहीत.

एक गैरसमज इथेच खोडते, कारण सोसायटीत येणाऱ्या दर दुसऱ्या माणसाला तो असतो. काळा रंग म्हणजे दुखवटा, तेव्हा ही मेलेल्या मुलांची चित्रं, असं लोकांना वाटतं. मुलं त्या काळी फार जात हे खरं. आमच्या जोडीतली मुलगीही नवव्या वर्षी गेली. नोंदीत कारण 'कँकर रॅश', म्हणजे स्कार्लेट फीवर. पण यंत्राची पट्टी फिरवायला जिवंत पोर समोर बसावं लागतं. काळा रंग आहे तो सावलीचा आणि स्वस्ताईचा.

दुरुस्तीच्या बाबतीत तज्ज्ञ बाईंचा सल्ला थोडक्यात असा की कमीत कमी करा. कागदावरचे तांबूस डाग ब्लीच करायचे नाहीत. विरलेलं रेशीम काढायचं नाही, ते मूळचं आहे. वरवरची धूळ मऊ रबरी स्पंजाने टिपायची, पुसायची नाही, आणि जलरंगाच्या जवळही जायचं नाही. जुनी फळी चौकटीत परत घालायची नाही, पण तिच्यावरचं 'आत्या' हे अक्षर पुरावा आहे, तेव्हा फळी वेगळ्या खोक्यात त्याच क्रमांकाने ठेवायची. कागद सुती पुठ्ठ्यावर जपानी कागदाच्या बिजागऱ्यांनी टांगायचा, चिकटवायला गव्हाच्या स्टार्चची खळ. ती खळ हवी तेव्हा पाण्याने सुटते, हे महत्त्वाचं. काच कागदाला टेकता कामा नये. जोडीतल्या मुलाच्या चौकटीत ती टेकली होती आणि टेकल्या जागी बुरशीची नक्षी उठली होती. प्रदर्शनात उजेड पन्नास लक्सच्या आत, तोही काही महिने, मग अंधारी पेटी. बाईंच्या जिन्यात इतकी वर्षं उन्हं येत होती याचा विचारही नको वाटतो.

खळ लावायचं काम मी केलं नाही, नुसतं बघितलं. तज्ज्ञ बाई खळ तीनदा चाळणीतून काढतात. जपानी कागदाची पट्टी कात्रीने न कापता पाण्याने रेघ ओढून हळूच फाडतात, म्हणजे काठाला तंतू राहतात आणि कापाची कड वर उठून दिसत नाही.

किमतीचा प्रश्न निघणारच होता. शेजारच्या बाईंना करसवलतीसाठी आकडा हवा होता. दान घेणारी संस्था स्वतः किंमत ठरवू शकत नाही, आणि पाच हजार डॉलर्सच्या वर सवलत मागायची तर स्वतंत्र मूल्यांकन लागतं, असा इथला नियम. बाहेरच्या मूल्यांकनाचा आकडा त्या मर्यादेच्या बराच खाली आला. एदुआरची सही असती तर गोष्ट वेगळी असती, हे कुणी बोललं नाही, पण सगळ्यांच्या मनात होतं.

समितीच्या बैठकीत जोडीवर वाद झालाच नाही: गावातली मुलं, घर अजून उभं, नावं पक्की. निळ्या झग्याला सगळे भाळले. सोनेरी केसांच्या मुलावर मात्र अर्धा तास गेला. एकाचं म्हणणं, कारागीर माहीत नाही तर जागा कशाला अडवायची. मला ते साफ नामंजूर होतं. कारागीर तर जोडीचाही माहीत नाही! पोराचं नाव, वय, घर आणि गाड्याची दोरी कुठल्या हातात होती इतकं सगळं माहीत असलेली वस्तू आमच्या संग्रहात दुसरी कुठली आहे, हे मी जरा चढ्या आवाजातच विचारलं. चौघंही घेतली गेली. पाचवी साभार परत. ती आता बाईंच्या नव्या खोलीत थेट खिडकीसमोर आहे आणि मी त्यांना सांगून ठेवलंय, हिला खुशाल ऊन लागू दे.

दानपत्रावर सही करताना त्यांनी एकच अट घातली, तीही तोंडी: नोंदीतून 'आत्या' पुसायचं नाही. पुसलं नाही. 'पूर्वीची ओळख' असा रकाना असतो, त्यात ती आहे. कारागिराच्या रकान्यात चौघांपुढेही 'अज्ञात', आणि जोडीपुढे कंसात 'एकच हात. छातीखालच्या रेघेचे फोटो सोबत'. ते फोटो मी न्यू इंग्लंडमधल्या दोन-तीन संग्रहांकडे पाठवले आहेत. एकीकडून उत्तर आलंय की त्यांच्याकडे तशीच चोच असलेली एक म्हातारी आहे, तीही बेनाव.